अर्ज यंत्राचा, प्रश्न तिसऱ्या वर्षाचा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: रुग्णोपयोगी साहित्य घरी वापरायला देणाऱ्या एका लहान सेवाभावी गटाच्या सचिव लिहितात की, फाउलर बेड, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोड खुर्च्या हे साहित्य त्यांचा गट अनामत रक्कम घेऊन गरजूंना देत आला आहे. आता पाच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हृदयक्रिया अचानक बंद पडल्यास विजेचा झटका देणारी दोन एईडी यंत्रे घ्यावीत असे ठरले. त्यासाठी काही धर्मादाय प्रतिष्ठानांकडे अर्ज केले. सगळीकडून दोन ओळींचे छापील नकार आले. अध्यक्षांच्या मते ओळखीशिवाय अनुदान मिळत नाही, म्हणून त्यांनी एक सल्लागार गाठला आहे, जो मंजूर रकमेतला ठरावीक टक्का मागतो. खजिनदारांचे म्हणणे असे की देणारे रक्कम कापतातच, तेव्हा मागणी वाढवूनच करावी. दरम्यान एक विक्रेता यंत्रे आजच उधारीवर द्यायला तयार आहे. "रुग्णांना यंत्र हवे आहे आणि आम्ही कागद रंगवत बसलो आहोत. आमचे चुकते कुठे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

नाकारल्या गेलेल्या अर्जाची प्रत तुम्ही पत्राला जोडलीत हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या प्रतीतच आहे. अर्ज चार पानांचा आहे. पहिली अडीच पाने गटाची स्थापना, ध्येय, मान्यवरांच्या भेटी आणि मिळालेले सत्कार यांत गेली आहेत. पुढे 'आरोग्यक्षेत्रात परिवर्तन घडवण्याचा आमचा संकल्प आहे' असा एक परिच्छेद येतो, आणि प्रत्यक्ष मागणी शेवटच्या पानावर एका ओळीत आहे: 'पाच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व दोन एईडी यंत्रे, सोबत दरपत्रक.' ती यंत्रे कोणासाठी आहेत, कोठे राहणार आहेत, कोण देणार-घेणार आहे आणि बिघडल्यावर काय होणार आहे, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख अर्जात नाही.

त्यामुळे अध्यक्षांच्या अनुमानाशी मी इतक्यात सहमत होऊ शकत नाही. ओळखीचा काहीच उपयोग होत नाही असे मी म्हणणार नाही; ओळखीने अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो, क्वचित एखादी भेटही मिळते. परंतु व्यवस्थित काम करणाऱ्या प्रतिष्ठानात अर्ज वाचणारी व्यक्ती आणि मंजुरी देणारी समिती बहुधा वेगवेगळ्या असतात, आणि वाचणाऱ्याला समितीपुढे आपल्या शिफारशीचे कारण कागदावर द्यावे लागते. तुमच्या अर्जाबद्दल त्याची कितीही सद्भावना असली, तरी समितीपुढे मांडायला तुम्ही त्याच्या हाती काय दिले आहे? तुमचा अर्ज ओळख नव्हती म्हणून नाकारला गेला की त्यात मांडण्याजोगे काही नव्हते म्हणून, हे ठरवण्याइतका पुरावा आज तुमच्याकडे नाही. तो आधी मिळवायला हवा, आणि तो कसा मिळवता येईल हे मी पुढे सांगणार आहे.

मूळ गोष्ट अशी आहे की, आरोग्याच्या उपकरणांसाठी पैसे देणाऱ्यांना खरेदीची काळजी फारशी नसते. त्यांना काळजी असते ती तिसऱ्या वर्षाची, म्हणजे हमीचा काळ संपलेला असतो, उत्साही कार्यकर्ते पांगलेले असतात आणि यंत्र कोपऱ्यात उभे असते, त्या दिवसांची. ही भीती काल्पनिक नाही. वैद्यकीय उपकरणांच्या देणग्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. काही देशांत देणगीदाखल आलेल्या उपकरणांपैकी जेमतेम १० ते ३० टक्केच प्रत्यक्ष कामी येतात, असे तीत नोंदवले आहे आणि नियोजनशून्य खरेदी, प्रशिक्षणाचा अभाव व दुरुस्तीची सोय नसणे अशी त्याची कारणे दिली आहेत. जो दाता एकदा या अनुभवातून गेला आहे, तो तुमचे 'सोबत दरपत्रक' वाचून पुढच्या संस्थेचा अर्ज हातात घेणारच.

कॉन्सन्ट्रेटरचेच उदाहरण घ्या. हे यंत्र खोलीतली हवा ओढून घेते, आतल्या झिओलाइटच्या खड्यांकडून तिच्यातला नायट्रोजन शोषून घेते आणि उरलेला ऑक्सिजन रुग्णाला देते. चांगल्या स्थितीतल्या यंत्रातून बाहेर येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता साधारणपणे ९० टक्क्यांच्या वर असते आणि ८२ टक्क्यांपेक्षा ती खाली जाता कामा नये. आता गंमत अशी की, बिघडत चाललेले यंत्रही तसेच घरघरते, नळीतून तशीच हवा येते आणि घरच्या माणसांना सारे ठीक वाटते. इशारा देणारा दिवा किंवा भोंगा असला तरी तो केवळ त्रास देतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. शुद्धता तपासण्यासाठी वेगळे मोजयंत्र (विश्लेषक) लागते, आणि तुमच्या मागणीत ते नाही. हवा आत घेणाऱ्या झडपेवरचा जाड फिल्टर आठवड्यातून एकदा तरी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा असतो. वाळेपर्यंत यंत्र बंद ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक यंत्रामागे दुसरा फिल्टर हवा. तोही मागणीत नाही. नाकातली नळी आणि पाण्याची बाटली एका रुग्णाची दुसऱ्याला तशीच देता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी नवी नळी आली. शिवाय यंत्र महिनोन्‌महिने दमट खोलीत न वापरता पडून राहिले तर झिओलाइट ओलावा धरते आणि त्याची शोषणशक्ती घटते, त्यामुळे 'मागणी नसताना सुरक्षित ठेवले होते' हे उत्तरही पुरेसे ठरत नाही. एवढे तपशील तुमच्या अर्जात सहज ओघाने आले असते, तर तुम्हाला यंत्राची माहिती आहे हे वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागले नसते.

एक बाब मात्र केवळ अर्जापुरती नाही, ती तुमच्या सेवेचीच आहे. बेड किंवा वॉकर ज्या रीतीने अनामत घेऊन देता येतो त्या रीतीने ऑक्सिजन देता येत नाही, कारण ऑक्सिजन हे औषध आहे. फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारात ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, अशा रुग्णांच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखायला डॉक्टर सांगतात. धाप लागली म्हणून घरच्यांनी प्रवाह वाढवत नेला तर त्याने अपाय होऊ शकतो. म्हणून प्रवाह किती आणि दिवसातून किती तास हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय यंत्र द्यायचे नाही, सोबत पल्स ऑक्सिमीटर द्यायचा, खोलीत विडी-सिगारेट किंवा उघडी ज्योत नको हे समजावून सही घ्यायची, आणि वीज गेली तर काय करायचे याची सोय आधी विचारायची, असा नियम गटाने ठराव करून स्वीकारला पाहिजे. मिनिटाला पाच लिटर देणारे नेहमीचे यंत्र सुमारे ३०० ते ३५० वॅट वीज खाते आणि अनेकांना ते रात्रंदिवस लागते. ज्या घराला त्या बिलाचा भार सोसणार नाही, ते घर यंत्र बंद ठेवील आणि तुम्हाला सांगणारही नाही. या ठरावाची प्रत अर्जाला जोडा. तुमच्या सत्काराच्या छायाचित्रांपेक्षा ती कितीतरी अधिक बोलेल.

एईडीबाबत माझे मत वेगळे आहे आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. हृदयक्रिया बंद पडल्यानंतर झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक, छातीदाब (सीपीआर) दिला जात नसेल तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या यंत्रापर्यंत पाच मिनिटांत धावत जाऊन परत येता येत नाही, ते यंत्र असून नसल्यासारखे आहे. तुमचे साहित्य केंद्र ठरावीक वेळेतच उघडे असते. रात्री त्याला कुलूप असते. त्या कुलपाआड दोन एईडी ठेवण्याने कोणाचेही भले होणार नाही, आणि उपकरणांची जाण असलेल्या कोणत्याही परीक्षकाला हे पहिल्या वाचनात दिसले असणार. त्या एका ओळीने तुमच्या कॉन्सन्ट्रेटरच्या रास्त मागणीचेही नुकसान झाले असावे, अशी मला शंका आहे. एईडी हवेच असतील, तर जेथे दिवसभर माणसांची वर्दळ असते आणि कोणीतरी सदैव हजर असते अशा जागेच्या चालकांना सोबत घ्या, तेथील काही जणांना छातीदाबाचे प्रशिक्षण द्या, छातीवर चिकटवायच्या पट्ट्या आणि बॅटरी यांच्या मुदती कोण तपासणार ते नावानिशी ठरवा, आणि त्या जागेच्या नावाने स्वतंत्र अर्ज करा. या अर्जातून मात्र ती ओळ काढून टाका.

आता गरज सिद्ध करण्याविषयी. 'परिसरात श्वसनाच्या रुग्णांची संख्या मोठ्या प्रमाणात आहे' असे तुम्ही लिहिले आहे. असे वाक्य प्रत्येक अर्जात असते, आणि प्रत्येकात असल्यामुळे त्याला वजन राहत नाही. तुमच्याकडे साहित्य दिल्याची नोंदवही आहे, पण जे मागूनही देता आले नाही त्याची वही आहे का? पत्रावरून तरी नाही असे दिसते. ती आजपासून सुरू करा. तारीख, काय मागितले, कोणत्या आजारासाठी, डॉक्टरांची चिठ्ठी होती का, आणि नाही म्हटल्यावर त्या कुटुंबाने काय केले (भाड्याने आणले, रुग्णालयातला मुक्काम वाढवला, की तसेच निभावले) एवढे रकाने पुरेत. रुग्णाचे नाव त्यात नसले तरी चालेल. तीन-चार महिन्यांची अशी वही म्हणजे तुमच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा, कारण तो दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही. कदाचित ती वही तुम्हालाच सांगेल की मागणी पाच यंत्रांची नसून दोनांची आहे, किंवा लोकांना कॉन्सन्ट्रेटरपेक्षा पाठीच्या जखमा टाळणारी हवेची गादी अधिक हवी आहे. तसे निघाले तर अर्ज बदला. जवळच्या रुग्णालयातून घरी सोडल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी कितींना घरी ऑक्सिजनचा सल्ला दिला जातो, याविषयी तेथील डॉक्टरांचे एक पत्र मिळाले तर वहीला दुजोरा मिळेल.

अर्जाची भाषा कशी असावी असेही तुम्ही विचारले आहे. नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो. त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे खरे आकडे तुमच्या वहीतून घ्या. 'गेल्या चार महिन्यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह १४ कुटुंबांनी आमच्याकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागितला आणि आम्ही एकालाही देऊ शकलो नाही. एका रुग्णाला तो सरासरी दोन महिने लागतो असे धरल्यास तीन यंत्रांतून वर्षाला सुमारे १८ रुग्णांची सोय होईल. यंत्रे देणे-घेणे, धुणे-पुसणे व नोंद ठेवणे ही कामे दोन प्रशिक्षित कार्यकर्ते करतील. प्रत्येक यंत्र परत आल्यावर शुद्धता मोजूनच पुढे दिले जाईल.' यात एकही विशेषण नाही, तरी समितीतल्या माणसाला पुढे विचारायला जागा आहे आणि तुम्हाला उत्तर द्यायलाही. संस्थेची ओळख हवीच, पण ती यानंतर, आणि अर्ध्या पानात.

खजिनदारांचा मुद्दा मी समजू शकतो, कारण रक्कम कापली जाण्याचा अनुभव पुष्कळांना असतो. तरीही वाढवून मागू नका. उपकरणांच्या किमती ही झाकून राहणारी गोष्ट नव्हे; परीक्षक दोन विक्रेत्यांना फोन करतो आणि तुमचा आकडा फुगवलेला आहे हे कळल्यावर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. खरे म्हणजे तुमची रक्कम फुगवलेली नसून अपुरी आहे. विश्लेषक, जादा फिल्टर, नळ्या, ऑक्सिमीटर, ने-आण, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, विमा आणि हमी संपल्यानंतरचा देखभाल करार हे सारे तुम्ही सोडून दिले आहे. देखभालीसाठी दरवर्षी खरेदी किमतीच्या ५ ते १० टक्के रक्कम धरावी, असा एक ठोकताळा उपकरणांच्या व्यवस्थापनात वापरतात. तेवढी तरतूद पाच वर्षांसाठी मांडली की मागणी आपोआप वाढते, आणि ती वाढ तुम्ही ताठ मानेने समजावून सांगू शकता. काही प्रतिष्ठाने फक्त खरेदीचे पैसे देतात, चालू खर्चाला हात लावत नाहीत. तेथे तो खर्च अंदाजपत्रकात दाखवाच आणि त्यासमोर तो वापरशुल्कातून, सभासदांच्या वर्गणीतून की आणखी कोठून येणार हे लिहा. खर्चच नाही असे भासवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दरपत्रके एकापेक्षा अधिक विक्रेत्यांची घ्या, हमीचा काळ यंत्र रवाना झाल्यापासून न धरता ते बसवून चालू करून दिल्यापासून मोजला जाईल हे त्यांत लिहून घ्या, आणि एखादा विक्रेता कार्यकारिणीतल्या कोणाचा नातेवाईक असेल तर ते लपवू नका. संबंधित सभासद निर्णयाच्या वेळी बाहेर बसला होता एवढी नोंद इतिवृत्तात असली की आक्षेपाला जागा उरत नाही.

टक्केवारीवर काम करणाऱ्या सल्लागाराला नकार द्या. अनुदान मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेणे निषिद्ध आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: दात्याने रुग्णांसाठी दिलेल्या पैशातला वाटा परस्पर दुसरीकडे जातो, बहुतेक दाते तो खर्च मान्य करत नाहीत, आणि मग तो हिशेबात कोठेतरी दडवावा लागतो. शिवाय टक्का मिळणाऱ्याचे हित मोठ्या रकमेत असते, योग्य रकमेत असतेच असे नाही. मदत घ्यायचीच असेल तर ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला गटाच्या स्वतःच्या निधीतून द्या. पण मला वाटते, तुमच्या पत्राची भाषा पाहता, अर्ज लिहायला तुम्हाला बाहेरचा माणूस लागू नये. रुग्णांविषयी पत्रात तुम्ही जे लिहिले आहे ते अर्जात का आले नाही, हाच मला पडलेला प्रश्न आहे.

आधी म्हटलेला पुरावा असा मिळवा. ज्यांनी नकार कळवला त्या प्रत्येकाला एक छोटे, विनम्र पत्र पाठवा. 'अर्ज का नाकारला' असे विचारू नका. त्यात तक्रारीचा सूर येतो आणि उत्तर टाळले जाते. 'पुढील फेरीत पुन्हा अर्ज करण्याची आमची इच्छा आहे. कोणती माहिती अपुरी वाटली आणि हा विषय आपल्या प्राधान्यात बसतो का, हे कळल्यास आभारी राहू' असे लिहा. काही जण उत्तर देणार नाहीत, हे गृहीत धरा. जे देतील त्यांच्यापैकी कोणी 'आम्ही उपकरणांना मदत करतच नाही' असेही सांगेल, आणि तो दरवाजा सोडून द्यायला तुम्ही मोकळ्या व्हाल. प्रतिष्ठानाने याआधी कोणाला, कशासाठी आणि साधारण किती दिले आहे याची यादी बहुधा त्यांच्या वार्षिक अहवालात असते. ती वाचल्याशिवाय एकही नवा अर्ज धाडू नका. नोंदणीचे दाखले, लेखापरीक्षित हिशेब, कार्यकारिणीचा ठराव हे कागद एकदाच एका धारिकेत लावून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवसाची धावपळ वाचेल. पहिली मागणी लहान असावी, असेही सुचवीन. दोन यंत्रांचे अनुदान मिळवून, ती वर्षभर नीट चालवून, प्रत्येक यंत्र किती दिवस वापरात होते हे दाखवणारा अहवाल मुदतीत दिलात, तर पुढच्या मागणीला तुमचा अहवालच शिफारसपत्र होईल.

वापरलेली यंत्रे देऊ करणारेही भेटतील. सरसकट नाही म्हणू नका, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतली एक कसोटी लावा: देणाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी जे चालले नसते ते घेणाऱ्यानेही घेऊ नये. यंत्र किती तास चालले आहे हे सांगणारा मीटर, शुद्धतेची चाचणी आणि सुटे भाग मिळण्याची खात्री, ही तिन्ही पाहूनच होकार द्या.

जाता जाता एक लहान सूचना. दात्याच्या नावाची पट्टी लावायला हरकत नाही, ते सौजन्यच आहे. मात्र ती यंत्राच्या हवा आत घेणाऱ्या जाळीवर चिकटवू नका. गुळगुळीत मोठी जागा तीच दिसते, म्हणून चिकटवणाऱ्याचा हात तिकडेच जातो. आणि अहवालात नाकात नळी घातलेल्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका, दात्याने आग्रह धरला तरीही.

राहता राहिली विक्रेत्याची उधारी. तुमची घाई मला कळते. दारात उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणे सोपे नसते. तथापि मंजुरीपत्राच्या तारखेपूर्वी केलेला खर्च बहुतेक प्रतिष्ठाने मान्य करत नाहीत, आणि आधीच घेतलेल्या यंत्रांसाठी पैसे मागणारा अर्ज त्यांच्या दृष्टीने गरजेचा नसून कर्जफेडीचा ठरतो. अनुदान आले नाही तर ती देणी तुमच्या अनामत रकमांवर येतील, आणि त्या रकमा तर लोकांच्या आहेत, तुमच्या नाहीत. तोवर तातडीच्या रुग्णांसाठी भाड्याने यंत्र देणाऱ्याशी ठरलेल्या दराचा करार करा आणि गरजूंच्या भाड्याचा काही भाग गटाच्या निधीतून उचला. त्याचीही नोंद नव्या वहीत होईल. विक्रेत्याला मात्र आजच लेखी कळवा की त्याचे दरपत्रक तुम्ही विचारात घेतले आहे, पण मंजुरीपत्र हाती येईपर्यंत एकही यंत्र उतरवून घेणार नाही.